तोफखाना, व्हर्जन ४: तोफ हातात आली की घोळ सुरू

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा या नव्या खेळाची नुसती आयडिया होती. पट, मोहरी, चाली सगळं श्यांगचीचं (चिनी बुद्धिबळ) आणि शोगीतून (जपानी बुद्धिबळ) एकच गोष्ट उचलायची, मारलेलं मोहरं आपलं होतं आणि आपल्या चालीला ते पटावर परत टाकता येतं. तेव्हापासून भाच्याबरोबर १४ डाव झाले, त्यातले ९ त्याने मारले. तोफखाना हे नावही त्याचंच.

आधी सामान. श्यांगचीची मोहरी गोल, लाल आणि काळी, मग लाल मोहरं काळ्याच्या हातात जाऊन काळं कसं होणार? शोगीत ही भानगडच नाही, सगळी मोहरी एकाच रंगाची, पाचकोनी, टोक समोरच्याकडे करून ठेवलं की ते तुमचं. मी कॅरमच्या सोंगट्यांचे दोन सेट घेतले (३८ होतात, लागतात ३२), एका बाजूला लाल स्टिकर दुसऱ्या बाजूला काळा, मारली की उलटी करून हातात. पहिले स्टिकर दोन दिवसांत सुटले कारण सोंगट्यांवरची पावडर पुसायचं डोक्यातच आलं नाही. पट चार्ट पेपरवर, उभ्या ९ रेघा, आडव्या १० (मोहरी रेघा छेदतात तिथे बसतात), रेघांमध्ये ४ सेंमी अंतर, म्हणजे ३२ बाय ३६.

नावांचा वेगळाच ताप. आपल्याकडे हत्ती म्हणजे सरळ जाणारा, आणि श्यांगचीतला हत्ती तिरका दोन घरं जातो, पटाच्या मधोमध असलेली नदीही ओलांडत नाही, सरळ जाणारा तिथे रथ. भाचा तीन डाव हत्ती सरळच पळवत होता, शेवटी त्या सोंगटीवर 'गजा' लिहिलं तेव्हा थांबला.

आता मुद्द्याचं. तोफ चालते रथासारखी, पण मारताना मध्ये बरोबर एक मोहरं लागतं, त्याच्यावरून उडी. साध्या श्यांगचीत पहिल्याच चालीत लाल तोफ काळ्या तोफेवरून उडून मागचा घोडा खाऊ शकते, रथ लगेच तोफ खातो, हिशोब जवळपास बरोबरीचा आणि वर काळ्याचा रथ फुकटात बाहेर येतो म्हणून शहाणा माणूस ते करत नाही. मला वाटलं हातात घोडा मिळतोय तर करून बघू. पण त्याच्या हातात तोफ गेली ना! त्याने ती मधल्या रेघेवर नदीच्या काठाला टाकली, माझं मधलं प्यादं मध्ये, मागे माझा सेनापती, थेट शह. वजीर (इथला वजीर महालात, म्हणजे सेनापतीच्या ३ बाय ३ च्या चौकोनात, तिरकं एकच घर चालतो) मध्ये आणून वाचलो (दोन मोहरी मध्ये आली की तोफेचा शह जातो) पण डाव हातचा गेलाच.

तेव्हा, म्हणजे व्हर्जन २ मध्ये, कुठेही टाका असा नियम होता. ३ मध्ये म्हटलं तोफ फक्त आपल्या अर्ध्यात टाकायची. काही उपयोग नाही, नदीचा काठही आपलाच अर्धा, वरचा शह तसाच बसतो. आता ४ मध्ये तोफ टाकून थेट शह द्यायचा नाही, धमकी चालेल. समोरच्याला एक चाल मिळते आणि तेवढ्याने खेळ एकदम जिवंत झाला, आता तोफ हातात ठेवायची का टाकायची यावरच आम्ही पाच-पाच मिनिटं बसतो.

प्यादी सोपी गेली. हातातलं प्यादं आपल्या चौथ्या-पाचव्या रेघेवरच, आणि ज्या उभ्या रेघेत नदी न ओलांडलेलं आपलं प्यादं आहे तिथे नाही, शोगीतला निफूच. शेवटच्या रेघेवर पोचलेलं प्यादं श्यांगचीत म्हातारं होऊन आडवं सरकत बसतं, ते मला आधीपासून खटकायचं, म्हणून तिथे त्याला शोगीच्या सोनेरी सेनापतीची चाल दिली (एक घर, मागे तिरकं सोडून कुठेही), मारलं गेलं की पुन्हा साधं प्यादं. खूण म्हणून सोंगटीखाली रुपयाचं नाणं.

न सुटलेलं: गजा त्याच्या ७ जागांवरच आणि वजीर महालातल्या ५ जागांवरच टाकायचा, हे ठीक. पण समोरच्याचे दोन वजीर मारून मी चारही महालात भरले, वाटलं किल्ला झाला. सेनापतीला हलायला जागा नाही आणि माझेच वजीर त्याच्या तोफेला उडी मारायला. भाचा तोफ सरकवून म्हणाला, "मामा, एवढी गर्दी कशाला केलीस?" मात. आता वजीर जास्तीत जास्त तीन ठेवावेत की ज्याने गर्दी केली त्याने भोगावं, यावर आमचं एकमत नाही. तो अर्थातच भोगावं म्हणतोय. १५वा डाव रविवारी.