पानाची सुरळी

आमच्या विहिरीकडच्या पोफळीवर एक मिरवेल, म्हणजे काळ्या मिऱ्याची वेल आहे. माईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ती सावई-वेऱ्याच्या माहेरच्या कुळागरातून, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेतून फोंड्याला आणली, त्याला आता बरीच वर्षे झाली. बारा महिने हिरवी असल्यामुळे तिच्याकडे कोणाचे लक्षच जात नाही. चाफा उघडाबोडका होतो तेव्हा आपण थबकतो, आंबा मोहरला की मान वर करतो. मिरवेल मात्र आपली असतेच. आमच्या ह्यांना तर ती घोस काढायच्या वेळेलाच आठवते.

यंदा पहिल्या पावसानंतर तिला कोवळी पालवी फुटली आणि त्या पालवीच्या कडा वळू लागल्या. पान खालच्या बाजूने आत वळत होते आणि कडेची अगदी विडीसारखी घट्ट सुरळी होत होती. मधला भाग जाडसर, चुरगळलेला. जुनी पाने मात्र तशीच तुकतुकीत.

घरात निदान करणाऱ्यांना तोटा नाही. माईंनी लांबूनच सांगून टाकले, "तिका दिश्ट लागल्या गो." ह्यांच्या मते बुंध्याशी पाणी साचत होते. नारळ पाडायला आलेल्या पाडेल्याने वर न बघताच म्हटले, "बोर्डो मारूंक जाय, बाय." आमच्याकडे बोर्डो हे रामबाण औषध. किलोभर मोरचूद, किलोभर चुना आणि शंभर लिटर पाणी. कोळेरोगाने सुपारी गळू नये म्हणून पावसाच्या तोंडावर पोफळीच्या शेंड्यावर ते मारतातच, मग खाली काहीही दुखले तरी तेच. पण ते औषध बुरशीचे. मिरवेलीलाही पावसात बुरशी लागते आणि उभी वेल बघता बघता झोपते. तेव्हा पानांवर काळे डाग पडतात आणि ती गळतात. कडांच्या सुरळ्या होत नाहीत.

सगळ्यांना हसून मी जे केले ते मात्र त्याहून शहाणपणाचे नव्हते. मी मोबाइल उघडला. मराठीत 'पाने वळणे' शोधले की समोर येते ती मिरची. चुरडामुरडा, बोकड्या, काय काय नावे. त्यात एक सुटसुटीत नियम मिळाला: पान वर वळले तर फुलकिडे, खाली वळले तर कोळी नावाची बारीक कीड. आमचे खाली वळलेले, म्हणजे कोळी. दुकानातून पाण्यात मिसळायचे गंधक आणले, फवारले आणि आठवडाभर वाट पाहिली. नव्या पानांनीही मुकाट्याने सुरळ्या केल्या.

नियम मिरचीचा होता आणि वेल मिऱ्याची. यावर मला मिरवेलीची खरेच कीव आली. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला आला तो मसाल्यांच्या, त्यातही हिच्या ओढीने. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, आणि मग त्यांच्याच गलबतांतून अमेरिकेतली मिरची इकडे उतरली. तिने नावसुद्धा मिऱ्यावरून घेतले आणि आमच्या हुमणापासून शाकुतीपर्यंत सगळीकडे पाय पसरले. आता दुखण्यातही पहिला मान तिलाच. त्याच संध्याकाळी माईंनी दृष्ट काढली, मीठ आणि सुक्या लाल मिरच्या घेऊन! मिऱ्याच्या वेलीवरून मिरच्या उतरताना पाहून मी तोंड फिरवून हसले.

शेवटी सासऱ्यांच्या तिकिटांच्या डब्यातले भिंग काढले. पोर्तुगीज अमलातली तिकिटे बघायला ते वापरायचे, ते. विहिरीच्या कठड्यावर बसून एक सुरळी सुईने उलगडली. आत नांदते घर होते. अर्ध्या तिळाएवढे, काळे, सडपातळ किडे आणि त्यांची दुधाळ रंगाची पिल्ले. फुलकिडेच ते. मिरवेलीवरचे फुलकिडे पानाची कड खाली वळवून आत संसार थाटतात. लायोथ्रिप्स कार्नी हे त्यांचे शास्त्रातले नाव. रस पितात ते कोवळ्या पानाचा, म्हणून जुनी पाने शाबूत.

खरे तर मला हायसे वाटले. माझ्या मनात विषाणूची भीती होती. त्यात पाने बारीक, अरुंद होतात, पिवळसर ठिपके येतात, पेरे आखडतात, आणि त्यावर औषध नाही. वेल उपटायची एवढेच. पिठ्या ढेकूण तो रोग एका वेलीवरून दुसरीवर नेतो, आणि रोगट वेलीची कांडी लावली तर आपणही. शेजारच्या काकींना बुंध्याशी सरपटणारी एक कांडी द्यायचे मी कबूल केले होते. किडे दिसल्यावर तेही पुढे ढकलले. काकी थोड्या नाराज झाल्या.

इलाज साधाच. हाताला येतील तेवढी वळलेली कोवळी पाने खुडून साबणाच्या पाण्यात बुडवली. लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल, ते मिसळावे म्हणून थोडा साबण, आणि पाऊस उघडला की संध्याकाळी फवारणी. पानाच्या खालून, मुख्य म्हणजे नव्या पालवीवर, कारण सुरळी घट्ट झाली की आत थेंब पोचत नाही. गोव्यातल्या आषाढात उघडीप शोधणे हेच खरे काम. दोनदा फवारा मारून घरात पाऊल टाकते तोच सर आली आणि सगळे धुऊन गेले.

आणि एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. वळलेले पान परत सरळ होत नाही. किडे मेले तरी सुरळी तशीच. दुसऱ्या झाडाने ती पाने टाकून दिली असती. ही सदाहरित, त्यामुळे आजारपण महिनोन्महिने अंगावर वागवणार. मी रोज त्याच पानांकडे बघून हिरमुसत होते. बघायचे होते ते शेंड्याकडे.

श्रावण संपता संपता शेंड्याला चार पाने सपाट उघडली. चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळे-पाने टांगतात त्या माटोळीत बांधायला हिरवा घोसही मिळाला, जरा विरळ दाण्यांचा. माई तो हातात घेऊन म्हणाल्या, "हांवें सांगूंक नाशिल्लें? दिश्टूच ती." मी हो म्हटले.

काल पाचवे पान उघडले. त्याची एक कड जराशी खाली झुकल्यासारखी वाटते, किंवा पावसाच्या थेंबाचे ओझे असेल. भिंग मी अजून डब्यात ठेवलेले नाही.