तुम्ही विचारलंत म्हणून: गाइल फील्डरच का?

"सिअ‍ॅटलला राहता, इथल्या क्रॅकन या आइस हॉकी संघाचे सामने चुकवत नाही, मग आवडता खेळाडू म्हणून ज्याचा एनएचएलमध्ये, म्हणजे आइस हॉकीच्या सर्वोच्च लीगमध्ये, एक गोलही नाही त्याचंच नाव का घेता?" इथली मराठी मंडळी विचारतात, पुण्याचे नातेवाईकही विचारतात. एकदाच नीट सांगतो.

गाइल फील्डर 1930 साली आयडाहोतल्या पॉटलॅचमध्ये जन्मला आणि कॅनडात, सस्कॅचवानमधल्या निपाविनला वाढला. 22 हंगाम व्यावसायिक आइस हॉकी खेळला, बरेचसे सिअ‍ॅटलकडून, वेस्टर्न हॉकी लीगमध्ये. मायनर लीगमध्ये, म्हणजे एनएचएलच्या खालच्या लीगमध्ये, त्याचे 438 गोल, 1491 असिस्ट आणि एकूण 1929 गुण आहेत. तिथे इतके गुण दुसऱ्या कुणाचेच नाहीत.

यातला असिस्टचा आकडा बघा. हॉकीत गोल करणाऱ्याला एक गुण मिळतो, आणि त्याआधी पास देणाऱ्या जास्तीत जास्त दोघांनाही प्रत्येकी एक. फील्डरच्या खात्यात एका गोलामागे तीनहून जास्त असिस्ट आहेत. खेळ त्याच्या स्टिकवरून वळायचा. पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, आपल्याकडे ठेवायचा, साथीदार जागेवर पोचेपर्यंत दम धरायचा आणि मग नेमका पास. माझ्या मते हॉकीतली सगळ्यात अवघड गोष्ट हीच, कारण समोरचा बचावपटू वेगाने अंगावर येत असतो आणि तरीही घाई करायची नसते.

1956-57 च्या हंगामात त्याने 122 गुण मिळवले. एनएचएलमध्ये शंभरी पहिल्यांदा गाठली फिल एस्पोझिटोने, तीही 1968-69 मध्ये. लीग वेगळी, मान्य, पण तेव्हा एनएचएलमध्ये संघच सहा होते. जेमतेम शंभर-सव्वाशे जागा. त्यामुळे मायनर लीगमध्येही अव्वल खेळाडू भरलेले असत.

त्या 122 गुणांमुळे एनएचएलच्या डेट्रॉइट रेड विंग्जने त्याला बोलावलं आणि थेट संघातला सगळ्यात मोठा खेळाडू गॉर्डी हाऊ याच्या जोडीला उतरवलं. सहा सामने झाले, गुण शून्य. हाऊला पक हवा, फील्डरलाही पक हवा. आणि हाऊने खेळ बदलावा असं कोण म्हणणार? फील्डर बाकावर गेला. तिथे बसून राहण्यापेक्षा मला सिअ‍ॅटलला परत पाठवा, असं त्याने स्वतःच सांगितलं.

आपल्याकडे असा विषय निघाला की पद्माकर शिवलकरांची आठवण निघते. पण शिवलकरांना कसोटीचं दार कधी उघडलंच नाही. फील्डर आत गेला आणि आपल्या पायांनी बाहेर आला, म्हणून त्याची हळहळ मला वाटत नाही. तेव्हा दोन्हीकडच्या पगारात आजच्यासारखी दरीही नव्हती. सिअ‍ॅटलला त्याला बर्फावर भरपूर वेळ मिळत होता आणि त्याच्या पद्धतीने खेळणारे साथीदार होते. ज्याला खेळायचंच आहे त्याने आणखी काय मागावं?

"संघ वाढल्यावर तरी जायचं होतं," असंही कुणी म्हणतं. एनएचएल 6 वरून 12 संघांची झाली 1967 च्या शरद ऋतूत. फील्डर तेव्हा सदतिशीला टेकला होता. त्याच वर्षी वसंतात त्याच्या सिअ‍ॅटल टोटेम्सने विजेतेपद पटकावलं होतं, आणि 1968 मध्ये पुन्हा पटकावलं. त्यांचे सामने व्हायचे ते कोलिझियम आतून पार बदललं, पण छप्पर तेच ठेवलंय. आज क्रॅकन खेळतात ते त्याच छपराखाली.