रेग्झिनच्या खालचं काम

वडील नाशिकला द्वारका चौकात गाड्यांच्या सीटा शिवायचे. जीप, टेम्पो, कधीमधी घरचा सोफाही. मी धंद्यात आलो तेव्हा आमची हद्द तेवढीच होती: सीटची वरची बाजू.

2015 च्या सिंहस्थाआधी व्हॅनच्या जुन्या सीटा काढून आरामदायी सीटा टाकून घेणाऱ्यांची रीघ लागली. आम्हीही हात धुऊन घेतले. पत्र्याला भोक, बोल्ट, वॉशर, झालं! त्यातली एक गाडी वणीच्या गडावरून उतरताना पुढच्या ट्रकला धडकली. सीटचे मागचे दोन्ही बोल्ट उपटून आले. बोल्ट शाबूत, नट शाबूत. वॉशरच पत्रा फाडून वर आला होता. बसलेल्याच्या कपाळाला चार टाके पडले. गिऱ्हाईक भांडलं नाही. दोन बोल्ट माझ्या टेबलावर ठेवले आणि निघून गेलं. भांडलं असतं तर बरं वाटलं असतं.

अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका फिटरकाकांनी मग मला कागदावर हिशेब मांडून दाखवला. ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी आदळून अर्ध्या मीटरात थांबली, तर वजनाच्या साधारण 20 पट जोर येतो. 70 किलोचा माणूस म्हणजे 1400 किलो. बेल्ट सीटलाच असेल तर हा सगळा भार, वर सीटचा स्वतःचा, चार बोल्टांवर. "आणि तुझा पत्रा धड एक मिलिमीटरचा नाही, पोरा."

आता आम्ही आधी गाडीखाली झोपतो. डिझेलची टाकी, ब्रेकचा पाइप, वायरिंग कुठून गेलंय हे बघितल्याशिवाय ड्रिलला हात नाही. कंपनीची मूळ भोकं जुळली तर उत्तमच. नाहीतर पत्र्याखाली 3 मिलिमीटरची रुंद पट्टी, जमेल तिथे आडव्या चॅनलला धरून. पट्टीचे कोपरे घासून गोल करतो, टोकदार कोपरा पत्रा कापतो. बोल्ट डोक्यावर 8.8 हा मजबुतीचा आकडा कोरलेला. त्याहून हलका बोल्ट दुकानात ठेवतच नाही. घाईत नेमका तोच हाताला लागतो. नायलॉक नट, म्हणजे सैल होऊ नये म्हणून आत नायलॉनचं कडं असलेला, एकदा काढला की भंगारात. शेवटी टॉर्क पाना, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणारा.

सीटमध्ये एअरबॅग असेल तर त्या गाडीला हात लावत नाही. आसनं वाढवून मागणाऱ्यालाही परत पाठवतो. आरसीवरच्या तपशिलात फरक पडेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ला चालत नाही, पासिंगला गाडी अडकते ती वेगळीच.

एका सीटला आमचा अर्धा दिवस जातो. खालच्या पट्टीचा फोटो गिऱ्हाइकाला मोबाईलवर पाठवतो, एरवी ती कोण बघणार? सिंहस्थ पुन्हा जवळ आलाय, फोन सुरू झालेत. "सीटचे किती घ्याल?" मी विचारतो, गाडी किती दिवस ठेवताय?