ज्याचा त्याचा पेरू

शिर्डीहून पुण्याला परत येताना राहात्याला गाडी थांबली नाही असं आमच्याकडे कधी झालेलं नाही. रस्त्याच्या कडेला पेरू मांडून बसलेल्या मावशी हमखास दिसतात, यावेळी पण दोन किलो घ्यायचे म्हणून उतरलो आणि चार किलो घेऊन बसलो. "सरदार आहे बरं का, बी पण मऊ," मावशी म्हणाल्या. सरदार म्हणजेच लखनौ-49, आणि गंमत म्हणजे नाव लखनौचं असलं तरी हे वाण निवडलं गेलं आपल्या पुण्यात, गणेशखिंडच्या फळ संशोधन केंद्रात, 1927 साली. म्हणजे पुण्यात जन्मून नाव मात्र लखनवी. पुणेकरांनी हे कसं काय चालवून घेतलं देव जाणे.

तर पिशवी घरी आली की आमच्याकडे राजकारण सुरू होतं. पेरू कधी खायचा यावर घरात एकमत नाही. बाबांना तो हिरवागार, दाताखाली कचकन वाजणारा लागतो, तिखट-मीठ लावून, त्यामुळे पहिल्या दिवशी पिशवीवर त्यांचा हक्क. माझा पेरू तिसऱ्या दिवशीचा. साल हिरवी सोडून पोपटी-पिवळी व्हायला लागलेली, अंगठ्याने दाबलं तर किंचित दबतो, आणि मेन म्हणजे हॉलमध्ये पाऊल टाकलं की वास येतो. त्या वासासाठी मी पेरू घेतो, खाणं नंतर!

आणि आजीचा पेरू सगळ्यात शेवटचा. दात नाहीत, त्यामुळे बाकीच्यांनी "हा गेला" म्हणून बाजूला काढलेला, लोण्यासारखा मऊ झालेला पेरू ती चमच्याने खाते, बिया वाटीच्या कडेला लावत. तिचे चार पेरू ती पहिल्याच दिवशी काढून केळ्यांच्या फणीशेजारी नेऊन ठेवते, लवकर पिकतात म्हणे. मला वाटायचं हे असंच काहीतरी, पण बरोबर निघालं की! पेरू झाडावरून तोडला तरी त्याचं श्वास घेणं चालूच असतं आणि तो इथिलीन नावाचा वायू सोडतो, केळंही सोडतं, आणि त्या वायूनेच फळ पिकतं. एक पिकला की शेजारच्यालाही घाई होते. द्राक्षं, संत्री तोडली की पिकणं तिथंच थांबतं, पेरूचं मात्र आंब्यासारखं आहे. फळाचा गर घट्ट धरून ठेवणारं पेक्टिन सुटत जातं म्हणून तो मऊ पडतो, पाणी उडतं म्हणून साल सुरकुतते, आणि प्रवासात पिशवीच्या तळाशी जो दबलाय तो आधी तपकिरी पडतो. हल्ली त्या मोठ्या थाई पेरूंना पांढरी जाळी घालतात ती उगाच नाही.

आईचं म्हणणं, एवढी कटकट कशाला, फ्रिजमध्ये टाका. तिचा मुद्दा तब्येतीचा असतो, पेरूत शंभर ग्रॅमला 200 मिलिग्रॅमच्या वर सी व्हिटॅमिन, संत्र्यात 50 च्या आसपास, आणि जास्त पिकून गेला की ते कमी होत जातं, त्यामुळे "आजीसाठी सडवत ठेवू नका". मुद्दा बरोबर आहे. पण पेरूला थंडी फार सोसत नाही, 8-10 डिग्रीला तो दोन-तीन आठवडे राहील, आपला घरचा फ्रिज असतो चार-पाच डिग्रीला. तिथे कच्चा पेरू टाकला तर तो ना धड पिकतो ना धड कच्चा राहतो, कापला की आत तपकिरी, वास गायब. म्हणजे आधी बाहेर पिकवा आणि मग हवं तर एक-दोन दिवस आत ठेवा.

हे मी आईला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पाच पेरू फ्रिजमध्ये टाकले, पिकलेले, दुधाच्या पातेल्याशेजारी, झाकण न लावता. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला पेरूचा वास. बाबांनी एक घोट घेऊन कप खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं, जसं काही मीच केलंय. आईने गुपचूप ते पाचही पेरू बाहेर काढले, दही, साखर, हिरवी मिरची घालून वर तूप-जिऱ्याची फोडणी दिली आणि रायतं केलं.

आजीने दोनदा घेतलं. मग केळ्यांशेजारचे स्वतःचे चार पेरू मोजून आली. तीनच होते.

मी काही बोललो नाही. तिसरा दिवस होता.