अर्धा वॉट

बाबांच्या स्पीकरची जाळी पावसाळ्यानंतर पुसायला म्हणून काढली, तर आतून काळा, चिकट चुरा ओटीत पडला. जुन्या चिंचेसारखा बोटांना लागणारा. स्पीकरच्या शंकूभोवतीची फोमची कडा होती ती. तो फोम पंधरा-वीस वर्षांत विरतोच, आणि डोंबिवलीच्या दमट हवेत त्याने इतकी वर्षं काढली हेच पुष्कळ. डावीकडचा ट्विटर, म्हणजे उंच सुरांसाठीचा छोटा स्पीकर, तर १९९८ सालीच गेला होता. दादाच्या हळदीला गच्चीवर बटण पार शेवटापर्यंत फिरवलं गेलं आणि त्या दिवसापासून डाव्या बाजूच्या झांजा मुक्या झाल्या.

ॲम्प्लिफायर मात्र ठणठणीत. १९९० साली मामाने मस्कतहून आणलेला, जपानी, नऊ किलोंचा, मधोमध लाडवाएवढं बटण. तेव्हा त्याच्यासाठी नवे स्पीकर घ्यायचे ठरले. (दुकानदाराने पत्रिका जुळवण्याचा विनोद केलाच, मी करत नाही.)

ऐकायचे तर आपल्याच ॲम्पवर ऐकायचे, म्हणून तो चादरीत गुंडाळून शनिवारी दुपारी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला नेला. लॅमिंग्टन रोडचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने पत्ता विचारला तर लोक आपल्याला कुरिअरवाली समजतात. सोबत नवरा होता, निव्वळ ओझ्यासाठी. दुकानदार सगळं त्यालाच सांगत होता. “साहेब, किती वॉट पाहिजेत?” साहेबांना क्रिकेटच्या कॉमेंट्रीपलीकडे कशात गम्य नाही. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मग “ताई, शंभर वॉटचा घ्या, निवांत राहा.”

हा वॉटचा आकडा मला नेहमी साडीच्या दुकानातल्या ‘शुद्ध रेशीम’सारखा वाटतो. स्पीकरवर लिहिलेले वॉट म्हणजे तो किती सोसू शकतो एवढंच. किती मोठा वाजेल, हे त्यातून कळत नाही. ते सांगणारा आकडा माहितीपत्रकात खाली, बारीक अक्षरांत असतो: एक वॉट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल. कुणाचे ८५, कुणाचे ९०. फरक किरकोळ दिसतो, पण दर ३ डेसिबलला वीज दुप्पट लागते. बीबीसीने सत्तरच्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीत मावावा म्हणून बुटांच्या खोक्याएवढा स्पीकर तयार केला, त्याचे जेमतेम ८३. अमेरिकेत पॉल क्लिप्शने १९४६ मध्ये खोलीच्या कोपऱ्यात ठेवायचा कपाटाएवढा कर्ण्याचा स्पीकर काढला, त्याचे शंभराच्या वर. जे काम दुसरा एका वॉटमध्ये करतो, त्याला पहिल्याला पन्नास वॉटही पुरायचे नाहीत. तरी त्या खोक्याला जीव लावणारे लोक आहेत, आणि मला ते कळतं. त्यातून माणसाचा आवाज माणसाचा वाटतो.

दुसरी गोष्ट ओहमची. आमच्या ॲम्पला स्पीकरच्या दोन जोड्या लागतात, ए आणि बी. पाठीवर छापलंय: ए किंवा बी, ४ ते १६ ओहम, ए आणि बी मिळून, ८ ते १६. ओहम म्हणजे स्पीकरचा अडथळा. आठ ओहमवाला बेताने वीज घेतो, चारवाला म्हणजे सगळे नळ सोडून बसलेलं बिऱ्हाड. दोन जोड्या एकदम लावल्या की अडथळा निम्म्यावर येतो, म्हणून ती खालची अट. आणि आठचा आकडाही सरासरीतला. काही सुरांना तोच स्पीकर पाचापर्यंत उतरतो. पस्तिशीच्या ॲम्पला म्हातारपणी हे कशाला? मी आठवरच अडून बसले.

दादाच्या हळदीचं कोडंही त्या दुकानातच सुटलं. इतकी वर्षं आम्ही म्हणत होतो, ॲम्प फार ताकदीचा, म्हणून ट्विटर जळला. खरं उलटंच होतं. ॲम्पला त्याच्या साठ वॉटमध्ये अख्खी गच्ची भरायला लावली, तेव्हा आवाजाच्या लाटांचे माथे छाटले गेले. छाटलेल्या लाटेत तारसप्तकाच्याही वरचा कचरा भरपूर असतो, आणि तो सगळा त्या बोटाएवढ्या ट्विटरच्या वाट्याला जातो.

दुकानदार ऐकवायला इंग्रजी ढोल-गिटार लावत होता. मी माझी तबकडी काढली: पुरुष गायक, पट्टी काळी एक, सुरुवातीला नुसता तंबोरा. काळी एकचा खर्ज, म्हणजे तंबोऱ्याची सर्वांत खालची तार, ६९ हर्ट्झच्या आसपास येतो. पाच इंची वूफरला (खालच्या सुरांच्या स्पीकरला) तिथे धाप लागायला लागते, तरी कान फसतो, कारण जवारीतून, तारेच्या त्या झणझणाटातून, वरचे स्वर इतके निघतात की खर्ज आपण मनातच भरून घेतो. म्हणून मी खर्ज ऐकतच नाही. मी स्वयंभू गंधाराची वाट बघते. तो कुठल्याही तारेवर लावलेला नसतो, खर्जाच्या पोटातून आपोआप उमटतो. पहिल्या जोडीत तो आलाच नाही. दुसरीत आला, पण पत्र्यासारखा. तिसरी जोडी साडेसहा इंची, ८ ओहम, ८८ डेसिबल, दिसायला अगदीच सामान्य. तिच्यात गंधार असा हळूच आला की साहेबसुद्धा मोबाइलमधून वर बघायला लागले.

घरी आणल्यावर तोच स्पीकर घुमायला लागला. हवेचं भोक मागच्या बाजूला आणि मागे भिंत; दहा बाय बाराच्या खोलीत दुसरं काय होणार? दुकानात ओहम, डेसिबल सगळं जमवलं, खोलीला कुणी विचारलंच नव्हतं. स्पीकर दीड फूट पुढे ओढले. आता सगळे ठेचकाळतात. त्या भोकात नवऱ्याचा एकेक मोजा कोंबल्यावर डग्गा ताळ्यावर आला. हा उपाय गावठी वाटेल, पण काही कंपन्या याच कामाचे फोमचे बोळे स्पीकरबरोबर देतात.

एका रात्री मी हिशोब मांडला. ८८ डेसिबल, बसायची जागा अडीच मीटरवर, दोन स्पीकर. आम्ही ऐकतो त्या आवाजाला ॲम्प सरासरी अर्धा वॉटसुद्धा देत नाही. सम जोरात आली तर क्षणभर पाच-दहा. दादाची हळद सोडली तर उरलेले पन्नास वॉट पस्तीस वर्षं नुसते बसून आहेत. बटण घड्याळाच्या काट्यासारखं सातपासून निघतं आणि त्या दिवसानंतर नवाच्या पुढे गेलेलं नाही.

परवा लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरचे काका भेटले. मला वाटलं, आता तक्रार. ते म्हणाले, “काल विलंबित एकताल होता ना? स्लॅबमधून डग्गा तेवढा येतो आमच्याकडे, मात्रा मोजत पडलो होतो.” मग तळमजला आला, त्यांनी दार धरून ठेवलं आणि विचारलं, “गात कोण होतं?”