तुम्ही विचारलंत म्हणून : एकच लॅपटॉप यादीत दोनदा का दिसतो?

चिपळूण, खेड, रत्नागिरीकडे छोट्यामोठ्या ऑफिसांचं आयटी बघणारी बरीच मुलं माझ्या ओळखीची आहेत आणि महिन्यातून एकदा तरी कोणाचा ना कोणाचा फोन येतोच, प्रश्न ठरलेला. "दादा, लॅपटॉप आहेत ४० आणि इंट्यूनमध्ये दिसतायत ५५, एकाच नावाचे दोन-दोन, जुने डिलीट मारून टाकू का?"

नको. इंट्यून म्हणजे ऑफिसचे लॅपटॉप एका जागेवरून सांभाळायची मायक्रोसॉफ्टची सेवा, तिथल्या या जास्तीच्या नोंदी कुठून आल्या ते आधी बघू या.

आपल्याकडे सातबाऱ्यावर कसं, आजोबा जाऊन वीस वर्षं झाली तरी नाव तसंच, कारण वारस नोंद करायला तलाठ्याकडे कोणी गेलंच नाही, तसंच आहे हे. सिस्टिम लॅपटॉपला नावाने ओळखत नाही, डिव्हाइस आयडीने ओळखते. फॉरमॅट मारून मशीन परत ऑफिसच्या खात्याला जोडलं, म्हणजे जॉइन केलं, की बऱ्याचदा नवा आयडी मिळतो, नवी नोंद होते आणि जुनी कोणीतरी काढेपर्यंत तिथेच पडून राहते. कधी मशीन आधीच जॉइन असतं आणि आउटलुक किंवा टीम्समध्ये खातं टाकताना माणूस समोर आलेल्या प्रश्नाला 'हो' करतो, की त्याच मशीनची 'रजिस्टर्ड' म्हणून आणखी एक नोंद होते. विंडोज १० च्या १८०३ पासून पुढे ही जास्तीची नोंद बहुतेक वेळा आपोआप साफ होते, पण जुनी पडलेली असतात ती असतातच.

मदरबोर्ड बदलला तरी असाच घोळ होतो, आणि किनाऱ्यावर बोर्ड बदलायची वेळ फार येते हो. बंदराजवळच्या ऑफिसातला लॅपटॉप उघडला की पोर्टांच्या कडेला हिरवट थर दिसतो, खारी हवा आणि चार महिन्यांचा दमटपणा, मी कितीतरी ब्रशने साफ केलेत. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं त्यानंतर तर जे वाचले त्यातल्या कित्येकांचे बोर्ड बदलले. बोर्ड बदललं की हार्डवेअर हॅश, म्हणजे मशीनच्या भागांवरून काढलेली त्याची खूण, बदलतो, ऑटोपायलटला, म्हणजे नवं मशीन आपोआप सेट करून देणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सोयीला, ते वेगळंच मशीन वाटतं, मग जुनी ऑटोपायलट नोंद काढून नवा हॅश चढवायला लागतो, आणि दुरुस्ती करणाऱ्याने नव्या बोर्डात सीरियल नंबर भरला नसेल तर तोही रिकामा येतो. मशीन परत आलं की पहिल्यांदा ते बघा.

आता डिलीट का नको ते. गणपतीनंतरची गोष्ट, अकाउंट्समधल्या एका ताईंच्या लॅपटॉपच्या दोन नोंदी होत्या, मशीन शेवटचं कधी दिसलं ती तारीख बघून मी जुन्या तारखेची नोंद एन्ट्रामधून, म्हणजे ऑफिसची खाती आणि मशीनं नोंदवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या यादीतून, उडवली. ती तारीख रोजची रोज बदलत नाही, साधारण १४ दिवसांनी पुढे सरकते, आणि ताई तर रजेवर होत्या. उडवली ती जिवंत नोंद होती. चार दिवसांनी बायॉस अपडेट झालं, डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरचा निळा स्क्रीन आला, ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे कुलपाची किल्ली, मागायला लागला, आणि ती किल्ली होती त्याच नोंदीला जोडलेली. नोंदीबरोबर तीही गेली. तीन महिन्यांची स्कॅन केलेली व्हाउचरं त्या डिस्कवर होती, ताईंनी फायली काढून सगळी परत स्कॅन केली, एक शब्द बोलल्या नाहीत. मला ते अजून लागतं.

म्हणून आता मी आधी मशीनसमोर बसतो, कमांड प्रॉम्प्टवर डीएसरेगसीएमडी स्लॅश स्टेटस (dsregcmd /status) मारतो आणि तिथला डिव्हाइस आयडी वहीत लिहून घेतो, तोच जिवंत, बाकीच्या नोंदी सीरियल नंबरने जुळवतो, नावाने नाही. मग जुन्या नोंदीला रिकव्हरी की आहे का बघून ती उतरवून ठेवतो, नोंद डिसेबल करतो, महिनाभर कोणाची तक्रार आली नाही तर मगच डिलीट. इंट्यूनचा क्लीनअप नियम ३० ते २७० दिवसांपर्यंत लावता येतो, जरूर लावा, पण त्याने एन्ट्रामधली नोंद जात नाही, ती वेगळी काढायला लागते.

कॉन्फिगरेशन मॅनेजर, म्हणजे ऑफिसच्या स्वतःच्या सर्व्हरवरून मशीनं सांभाळायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर, वापरत असाल तर अजून एक. स्टोअररूममध्ये यूएसबीला नेटवर्कची वायर जोडायचा (यूएसबी-लॅन) एकच डोंगल, त्यावरूनच सगळ्या पातळ लॅपटॉपना नेटवर्कवरून विंडोज टाकायचं, मग मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा ओळख नंबर, डोंगलचा असल्यामुळे दुसरं मशीन आलं तरी सिस्टिम म्हणते हे मला माहितीये, हे पहिलंच. एक पूर्ण दुपार मी ड्रायव्हर शोधत बसलो होतो. १६१० व्हर्जनपासून हायरार्की सेटिंगमध्ये असे मॅक अ‍ॅड्रेस वगळायची सोय आहे, तिथे डोंगलचा टाका आणि डोंगलवर पिवळी पट्टी चिकटवा, म्हणजे दुसरा विकत आणला की त्याचाही टाकायची आठवण राहते.

तुमचे ते ५५ आहेत ना, नाव, सीरियल नंबर, डिव्हाइस आयडी आणि शेवटची तारीख अशी एक्सेल काढून व्हॉट्सअ‍ॅपला टाका, रविवारी सकाळी मी घरीच आहे, फोनवर एकेक ओळ बघू.