पिंजरा, पासिंग आणि मागची सीट

माझी मारुती एस्टीम २००७ ची. ऑटोक्रॉसच्या, म्हणजे मैदानात आखलेल्या वळणांवर घड्याळ लावून गाडी पळवण्याच्या नादात तिला रोलकेज, म्हणजे गाडी उलटली तरी आतला माणूस चिरडू नये म्हणून पाइपचा पिंजरा बसवला, तेव्हा कागदपत्रांचं भान कुणाला होतं? सगळं लक्ष पाइपवर. भोसरीतल्या फॅब्रिकेटरकाकांनी आधी ईआरडब्ल्यू पाइप पुढे केला. स्वस्त, पण लांबीभर वेल्डची शिवण असलेला. मी सीमलेसवर, म्हणजे बिनशिवणीच्या पाइपवर अडून बसलो. एफआयए या मोटारशर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमात मुख्य कमानीला ४५ मिमी व्यास आणि अडीच मिमी जाडी चालते, आणि पाइप वाकवायचा तो थंडच. सहा पाय, प्रत्येक पायाखाली फ्लोअरला वेल्ड केलेली तीन मिमीची प्लेट, तिच्यावर एम८ चे, म्हणजे आठ मिमीचे तीन-तीन बोल्ट. काका वैतागले, पण काम देखणं केलं. मागच्या तिरक्या दांड्या आड येत होत्या म्हणून मागची सीट काढून माळ्यावर टाकली.

मग कात्रजला सिग्नलपाशी एका टेम्पोने मागून हलकंसं ठोकलं. बंपरला जेमतेम ओरखडा, आणि मला कानाच्या वर चार टाके. हेल्मेट डिकीत होतं! पिंजरा हा हेल्मेट आणि घट्ट हार्नेस (शर्यतीचा अनेक पट्ट्यांचा बेल्ट) गृहीत धरून बनवलेला असतो. रोजच्या बेल्टमध्ये माणूस हलतो आणि उघडं डोकं थेट लोखंडावर आपटतं. त्यावर फोम गुंडाळायचं मी 'पुढच्या आठवड्यावर' ढकललं होतं.

तरी अक्कल आली नाही. २०२२ मध्ये गाडीला पंधरा वर्षं झाली, नोंदणी नूतनीकरणाचा फॉर्म २५ भरला आणि आरटीओत पासिंगला नेली. तिथल्या साहेबांनी दार उघडलं, पाइपवर पेन वाजवलं आणि आरसी बघत विचारलं, "आसनं पाच लिहिलीत. बाकीचे तिघं कुठं बसतात?"

मी सुरक्षिततेवर भाषण सुरू केलं. ते शांतपणे म्हणाले, "अहो, सुरक्षित असेलही. कंपनीनं दिलेल्या तपशिलात आहे का?" मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नेमकं हेच विचारतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर कलम १८२ए खाली मालकाला एकेका बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. दंड न करता मला परत पाठवलं, हे त्यांचे उपकारच. बाहेरचा एजंट "बघतो मी" म्हणत होता. चार टाक्यांनंतर मलाच ते नको होतं.

पिंजरा जोडांवर खोलता येईल असा करून घेतला होता, म्हणून वाचलो. तरी अठरापैकी पाच बोल्ट गंजून बसलेले, ते ग्राइंडरनेच कापले. भोकांना रबरी बुचं मारली, माळ्यावरची सीट झटकून बसवली आणि दुसऱ्या खेपेला पासिंग झालं.

आता ऑटोक्रॉससाठी एका मित्राबरोबर भागीदारीत जुनी गाडी घेतलीय. तोच पिंजरा कापून-जोडून चालेल का, म्हणून काकांना विचारलं. "नवा पाइप आणा," एवढंच म्हणाले. ती गाडी फ्लॅटबेडवरूनच, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर चढवूनच जाईल. भाडं टोचतं, पण अर्धं मित्र देतो.